खांबावर माणूस आहे

माझा धाकटा भाऊ निलेश, वय तेवीस, वीज कार्यालयात ठेकेदाराकडून लागलेला लाइनवरचा मदतनीस, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्याच शिवारातल्या नाल्याजवळच्या खांबावर मारला गेला. ‘मेला’ असं मी लिहीत नाही. माणूस वर असताना बंद लाइन चालू करण्यात आली, म्हणून तो मारला गेला. आणि चौथ्या दिवशी कार्यालयात जो कागद तयार झाला त्यात लिहिलं गेलं, की ‘सदर इसम परमिट न घेता स्वतःच्या निष्काळजीपणाने खांबावर चढला.’ परमिट म्हणजे काय ते सांगते. लाइनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनला कळवून लाइन बंद करून घ्यायची. ज्यानं बंद करून घेतली त्यानं खाली उतरून ‘झालं’ असं सांगेपर्यंत तिकडे कोणी बटण दाबायचं नाही. निलेशनं परमिट घेतलं होतं. फोनवर, तोंडी घेतलं होतं, कारण ठेक्यावरच्या पोरांना परमिटाच्या वहीत सही करायला कोणी बोलावत नाही. त्या कागदावरचं ते एक वाक्य खोटं आहे. ते खोडून निघावं, एवढंच आमच्या घराला हवं होतं. दुसरं काही मागायला आम्ही गेलो नव्हतो.

आमचं घर तेव्हा आवाजांनी भरलेलं असायचं, आणि त्यातले निम्मे आवाज निलेशचे. त्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की दोनदा खोकल्यासारखी करायची, मग आई चुलीवर तवा ठेवायची. पॅन्टच्या मागच्या खिशात तो पक्कड ठेवायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पॅन्टचा तोच खिसा फाटायचा, आणि आई प्रत्येक पॅन्टला तिथेच ठिगळ लावताना म्हणायची, ‘‘एवढे लाइट लावतं लोकायच्या घरी, एक दिवस सुईत दोरा ओवून दे मले.’’ तो खरंच ओवून द्यायचा. जेवायला बसला की ज्वारीची भाकर ताटात चुरून त्यावर वांग्याचा रस्सा असा ओतायचा की ताट वाहून जाईल. बाबा म्हणायचे, ‘‘पाट सोडला का गा वावराले?’’ तो तोंडात घास असताना हसायचा आणि मग ठसका, मग आईची शिवी, मग पाण्याचा गडवा. मी पिपरी मेघेला खोली करून वर्ध्यात शिकत होते. शिकत होते म्हणजे कॉलेजात नाव होतं. खरा वेळ पत्रकं लिहिण्यात जायचा. शनिवारी घरी आले की या सगळ्या गोंधळात मला माझं वाक्य सुचायचं नाही आणि मी ओरडायचे. आज वाक्य लिहायला हवी तेवढी शांतता आहे त्या घरात.

बाबा गावचे झडतीवाले. बाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याला आमच्याकडे गावाच्या वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावातल्या सगळ्या जोड्या सजवून रांगेनं उभ्या करतात, आणि तोरण तुटायच्या आधी शेतकरी एकेक करून पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी म्हणतात. त्याला झडती म्हणतात. तिच्यात देवाला नमन असतं, बैलाचं कौतुक असतं, आणि बाकी सगळी टवाळी. सरपंच, तलाठी, नवा जावई, जुना भांडखोर, कोणी सुटत नाही. त्या दिवशी झडतीत म्हटलेल्याचा राग धरायचा नाही, हा गावचा कायदा. झडती संपली की सगळे ओरडतात, ‘हर हर महादेव’, आणि पुढचा येतो. बाबा लिहून ठेवत नसत. श्रावणभर डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, करताना बैलांमागे चालत पुटपुटायचे, आणि संध्याकाळी गोठ्यात निलेशला म्हणून दाखवायचे. एका वर्षीची मला आठवते:

घरोघरी नळ आला, तोटीले लावला रंग,
पानी येईन म्हून बादली भजनावानी दंग.

निलेश शेवटच्या शब्दाच्या आधीच हसायचा. तो हसला की झडती पास. मला कधी म्हणून दाखवत नसत. म्हणायचे, ‘‘वैशे, तू हासत नाईस वं. तू दुरुस्ती करतं.’’ खरं होतं. मी म्हणायचे, नळाबद्दल एवढं वाटतं तर निवेदन द्या ना, हसून काय होते? बाबा म्हणायचे, ‘‘निवेदन साहेब वाचते. झडती आख्खं गाव आयकते. तूच सांग, कोनाले जास्त भेव वाटन?’’

तर ती सकाळ. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून मी घरी आलेली. संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे होते, त्याची वाटी आईनं सकाळीच काढून ठेवलेली. चण्याची डाळ भिजत होती. निलेश चहा पिऊन निघाला, पलीकडच्या गावात डीपीचं काम आहे म्हणाला, दुपारच्याले येतो. साडेदहाच्या सुमारास लाइट गेली. अकरा चाळीसला तो गेला. बाराला नाल्याकडून माणूस पळत आला. पलीकडच्या गावचं काम सोडून त्याला मधूनच आमच्या शिवारातल्या फॉल्टवर पाठवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो झुल्यावर, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर, तसाच लटकलेला होता. उतरवायला शिडी यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बाबा खांबाखाली उभे राहून वर बघत होते आणि एकच वाक्य म्हणत होते, ‘‘उतर बे. उतर आता.’’

आणि स्मशानात नेताना त्यांनी ते केलं, ज्यासाठी मी त्यांना कित्येक महिने माफ केलं नाही. खांदा बदलताना निलेशचा मित्र अडखळला. बाबा त्याला म्हणाले, ‘‘भारी लागून राह्यला ना? मायनं तूप चारलं त्याले. मी म्हनो, नको चारू, लोकायले उचला लागते.’’ ते पोरगं फसकन हसलं, आणि हसता हसता असं रडायला लागलं की तिरडी थांबवावी लागली. मागून येणाऱ्या बाप्यांत दोघंतिघं तोंडाला दुपट्टा लावून तसंच हसत-रडत होते. मी बाया थांबतात तिथपर्यंत गेले होते, मला सगळं ऐकू आलं. मला वाटलं, या माणसाला काहीच होत नाही. याला माणसं जमली की झडती सुचते.

तेराव्यानंतर मी वर्ध्यात परत गेले आणि लिहायला बसले. तोपर्यंत मी दुसऱ्यांच्या मरणावर बरंच लिहिलं होतं, आणि ते कसं लिहायचं मला पाठ होतं. पहिल्या ओळीत कोण, दुसऱ्या ओळीत केव्हा, मग जबाबदार कोण त्यांची यादी, मग मागण्या, खाली ‘आम्ही गप्प बसणार नाही’. निलेशवरचं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. त्यात ठेकेदार होता, कार्यालय होतं, हातमोजे न देणारा साहेब होता, तोंडी परमिटाची पद्धत होती. नालवाडीपासून सिंदी मेघेपर्यंत मी ते पायी वाटलं. घरी आणलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘‘साऱ्याइचं नाव दोन-दोनदा हाये. निल्याचं एकदाच.’’ मी म्हटलं, ही कविता नाही. ते म्हणाले, ‘‘तेच म्हनून राह्यलो.’’

कार्यालयानं उत्तर दिलं: खांबावर माणूस असल्याची आम्हाला कल्पना नव्हती, त्यानं कळवलंच नाही. आता हे खोटं पाडायचा एकच मार्ग होता. लाइट गेल्यापासून गावातल्या लोकांनी सबस्टेशनला फोनवर फोन केले होते, आणि तिथला ऑपरेटर, तोही ठेक्यावरचाच, प्रत्येकाला सांगत होता, ‘खांबावर माणूस आहे, थोडं थांबा.’ म्हणजे त्यांना माहीत होतं. ज्यांनी हे कानानं ऐकलं त्यांनी तसं लिहून द्यायचं, सही करायची, झालं. ऑपरेटरला तर आठवडाभरातच कामावरून काढलं होतं आणि तो गाव सोडून गेला होता. राहिलं गाव. मी मजकूर तयार केला आणि घरोघर फिरले. एकही सही मिळाली नाही. दारं उघडायची, चहा यायचा, आईची चौकशी व्हायची, कागद बघितला की मान खाली. ‘पाहू बाई.’ ‘मालक घरी नाईत.’ ‘मले नाई आठोत आता.’ मी एकेकाच्या दारात उभी राहून बोलले. भेकड म्हटलं. ज्यांनी माझ्या भावाच्या तिरडीला खांदा दिला त्यांना मी भेकड म्हटलं. एकानंही उलटून उत्तर दिलं नाही, आणि त्यानं माझा संताप आणखी वाढला.

शेवटचं घर चक्कीवाल्या इंदिराकाकूचं. तिच्या चक्कीवर गावाचं दळण जातं. तिनं मला आत घेतलं, दार लोटलं, पिठाचे हात पदराला पुसले आणि हळूच म्हणाली, ‘‘सही मी आत्ता करतो, बाई. पन साहेबानं इचारलं, अकरा साडेअकराचा तो फोन कोनं केलता, तं काय सांगू? तुह्या मायले काय सांगू?’’

पत्रकात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती इथे लिहिते. त्या सकाळी आईनं मला गव्हाचा डबा देऊन चक्कीवर पाठवलं होतं. चक्की बंद, बाया रांगेत, उद्या पुरणपोळी आणि पीठ नाही. एकजण म्हणाली, ‘‘वैशू, तू कर ना वं फोन. तुले साहेबासंग बोलता येते.’’ मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी याच क्षणाची वाट बघत होते. मी फोन लावला, बायांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडचा पोरगा म्हणाला, ‘‘ताई, खांबावर मानूस हाये. धा मिनिटं द्या.’’ मी म्हटलं, ‘‘तुमचा रोजच कोणी ना कोणी खांबावर असतो. सणाच्या आदल्या दिवशीच काम सुचलं का? नाव सांगा तुमचं. लेखी तक्रार करते, नोकरी जाईल.’’ तो घाबरला. मला ऐकू आलं तो घाबरलेला. बाया माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. सहा-सात मिनिटांनी लाइट आली, चक्की घरघरली, आणि रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. डब्यात पीठ पडायला लागलं.

मला माहीत नव्हतं तो निलेश आहे. हे वाक्य मी स्वतःला हजारदा म्हटलं आहे आणि त्याचा काही उपयोग होत नाही. दुसरा कोणी असता तर चाललं असतं का? त्या बायांना सगळं माहीत होतं. त्यांच्याकडून त्यांच्या नवऱ्यांना. म्हणजे आख्ख्या गावाला माहीत होतं, आणि गाव माझ्या तोंडून ‘भेकड’ ऐकून घेत मला झाकत होतं. काकूच्या घरातून मी उठले आणि तो कागद एकाही सहीविना घेऊन वर्ध्याला आले. मग मी वर्षभर दुसऱ्याच विषयांवर पत्रकं लिहिली. तावातावानं लिहिली. आता कधी जुना गठ्ठा चाळते तेव्हा त्या पत्रकांत एकही ओळ सापडत नाही जिच्यात मी आवाज खाली आणला आहे.

घरात मरण झालं की आमच्याकडे वर्षभर, आणि ज्या सणाच्या तोंडावर मरण झालं तो सण फिरून येऊन जाईपर्यंत, कढई चढत नाही, म्हणजे तळण नाही, गोड नाही, सण नाही. दिवाळीला शेजारच्यांनी चिवड्याचा डबा आणून दिला, आईनं तो बैलांच्या गोठ्यातल्या फळीवर ठेवून दिला आणि तिथेच राहू दिला. पुढचा पोळा आला तेव्हा गावातली चार माणसं बाबांकडे आली. अशा घरची जोडी दुसऱ्यानं तोरणाखाली न्यायची आमची रीत. त्यांनी तेच विचारलं, आणि मग एकजण चाचरत म्हणाला, ‘‘नामाभाऊ, झडतीले मात्र तुमच्याबिगर सुनं लागन.’’ बाबा म्हणाले, ‘‘जोडी मीच आनतो. रंग नाई लावत, बेगड नाई लावत. पन आनतो.’’

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले तर ते बैल धूत होते आणि पुटपुटत होते. मला बघून थांबले. वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो होतो. मग म्हणाले, ‘‘आयकतं का? निल्या नाई, तं तुलेच आयका लागन.’’ मी मान हलवली. त्यांनी बैलाच्या पाठीवर हातानं ठेका धरला आणि पहिल्या ओळी म्हटल्या. त्यात एका अर्ध्या राहिलेल्या दाढीची ओळ होती, तिच्याशी मला हसू आलं. वर्षात पहिल्यांदा. मी तोंडावर हात ठेवला. ते माझ्याकडे बघत होते, अगदी निलेशकडे बघायचे तसे. मी विचारलं, ‘‘पुढे?’’ म्हणाले, ‘‘पुढचं तिथंच.’’

वेशीजवळ जोड्या लागलेल्या. शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, आणि रांगेच्या टोकाला आमची बिनारंगाची जोडी, नुसती धुतलेली. हल्ली झडतीला माईक असतो. भोंगा देवळाच्या कळसाजवळ बांधलेला, त्यामुळे गावात घरात बसलेल्यालाही सगळं ऐकू जातं. आई घरी होती. पोरांनी टवाळ्या केल्या, लोक हसले. मग कोणी न बोलावता बाबा पुढे आले. माईक हातात घेतला, ठोकून बघितला, आणि ‘‘ह्याले परमिट हाये ना?’’ म्हणाले. लोकांना हसावं का कळेना. मग त्यांनी सुरू केलं:

लाइन गेली सकाळच्याले, गाव झालं गोळा,
गहू म्हने मले दळा, उद्या हाये पोळा.
एकानं केला फोन, म्हने मोटर माही बंद,
दुसऱ्यानं केला फोन, म्हने टीव्हीचा मले छंद.
तिसऱ्यानं केला फोन, म्हने अर्धी राह्यली दाढी,
अर्धं तोंड घेऊन कसा जाऊ सासरवाडी?

लोक हसले. आधी दबून, मग मोकळे. दाढीवाला म्हणजे राजू, त्या सकाळी केशकर्तनालयाच्या खुर्चीत मशीन बंद पडून अर्ध्या दाढीनिशी अडकलेला, हे सगळ्यांना माहीत. त्याच्या पाठीत बुक्के बसले. बाबा थांबले, हसू निवायची वाट बघितली.

तिकून सांगे ऑपरेटर, पोट्टा वर चढला,
इकून म्हने गाव, आमचा सन अडला.
शेवटचा फोन कोनाचा, इचारू नका कोनी,
माह्याच घरचा आवाज तो, मीच त्याचा धनी.

‘हर हर महादेव’ कोणी म्हटलं नाही. घुंगरं तेवढी वाजत होती, बैल मान हलवत होते त्याची. बाबा माईक हातात धरून तसेच उभे. त्यांना सगळं माहीत होतं, केव्हापासून कोण जाणे, आणि त्यांनी ते चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मग रांगेतून राजू पुढे आला. त्याचा आवाज फाटलेला. ‘‘भाऊ, दाढी माही होती. मले त्यानं सांगितलं होतं मानूस वर हाये म्हून. मी आयकलं नाई.’’ मागून एकजण म्हणाला, ‘‘मोटर माही.’’ कोणीतरी टीव्हीचं कबूल केलं, आणि त्यावर एक म्हातारा बोलला, ‘‘लेका, तुह्या घरी टीव्ही कवा आला?’’ आणि लोक पुन्हा हसले, डोळे पुसत हसले. मला तेव्हा कळलं बाबांनी तिरडीजवळ काय केलं होतं. खांदेकऱ्याच्या छातीत जे अडकलं होतं ते त्यांनी हसवून बाहेर काढलं होतं. स्वतःसाठी असं करणारा त्यांच्याकडे कोणी उरला नव्हता.

बाया बसल्या होत्या तिथून मी उठले. तोरणाखाली बाई जात नाही. मी गेले. माईक घेतला. मला वाटलं यमक सुचेल. माझं सगळं आयुष्य शब्दांवर चाललेलं, आणि त्या वेळी एक ओळ जुळेना. मी म्हटलं, ‘‘तो फोन बाबानं नाही केला. मी केला. चक्कीवरून. त्यानं सांगितलं खांबावर माणूस आहे, आणि मी त्याला धमकावलं.’’ एवढंच. बाबांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि हळू म्हणाले, ‘‘बस. लय लांब नको करू, पत्रक नाई हे.’’

जोडी घेऊन आम्ही घरी आलो. दारात आलेल्या बैलांचे पाय घरधनीण धुते, ओवाळते, घास भरवते. आई तांब्या घेऊन उभी होती. तिनं भोंग्यावर सगळं ऐकलं होतं. तिनं एका बैलाचे पाय धुतले, दुसऱ्याचे धुतले, पुरण नव्हतं म्हणून दोघांना भाकर आणि गूळ दिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘मले काऊन नाई सांगितलं?’’

मी म्हटलं, ‘‘तू घरातून काढलं असतं मले.’’

‘‘काढलं असतं,’’ आई म्हणाली. ‘‘दोन दिस काढलं असतं. मंग बोलावलं असतं. वर्षभर एकटी हिंडली ना तू.’’ आणि तांब्या तिथेच खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि जशी रडली, तशी ती निलेशला उतरवलं त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. तिनं मला जवळ घेतलं नाही. पण सरकून जागा दिली.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती तेव्हा, मी पुन्हा कागद घेऊन निघाले. मजकूर बदलला होता. ‘आम्ही खालील सही करणार लिहून देतो, की आम्ही फोन केले, आम्हाला माणूस वर असल्याचं सांगण्यात आलं, तरी आम्ही घाई केली.’ पहिली सही माझी. दुसरी राजूची, तिसरी इंदिराकाकूची. संध्याकाळपर्यंत कागद भरला. तो आम्ही कार्यालयात दिला, पोच घेतली. नोंद दुरुस्त झालेली नाही. प्रकरण विचाराधीन आहे, असं उत्तर दर खेपेला मिळतं, साहेब बदलतो, उत्तर तेच. बाबा आता थकले. झडती अजून म्हणतात, बसून म्हणतात. मागच्या खेपेला त्यांनी ‘विचाराधीन’ या शब्दावरच झडती केली आणि कार्यालयातला एक बाबू पोळा बघायला आला होता, तो सगळ्यांत आधी मान खाली घालून निघून गेला. पण कागदावरचं वाक्य तसंच आहे. माझा भाऊ तिथे अजून निष्काळजी आहे.

हे वाचणाऱ्या तुम्हाला आता सांगते. तुमच्याकडेही लाइट जाते, आणि तुम्हीही फोन करता. तिकडून कोणी ‘खांबावर माणूस आहे’ म्हणाला, की फोन खाली ठेवा. आणि पूर्वी कधी ठेवला नसेल, आणि त्या दिवशी तुमच्या भागात कोणाचा पोरगा खांबावरून खाली आणला गेला असेल, तर तुम्ही साक्षीदार आहात. त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते जाऊन वाचा. मग किती वाजता फोन केला, तिकडून काय सांगितलं, तुम्ही काय उत्तर दिलं, ते एका कागदावर लिहा, खाली तुमचं पूर्ण नाव घाला, सही करा आणि नेऊन द्या. लाज वाटेल. वाटू द्या आणि सही करा.